हिमशर्यतीची काठी व आपला वेळू

नांदेड आणि लातूर ह्या जिल्ह्यांत बर्फ पडतो तो केवळ गारांच्या रूपाने, आणि त्याचे स्वागत कोणी करीत नाही. अशा प्रदेशातून निघणाऱ्या पत्रिकेत बर्फावरील शर्यतीच्या काठीविषयी लेख यावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत विषय बर्फाचा नसून काठीचा आहे, आणि काठी ही वस्तू आपणांस परकी नाही. मेंढरांमागून चालणाऱ्या धनगराची काठी, येसकराची घुंगुरकाठी, माहूरचा गड चढणाऱ्या वृद्ध यात्रेकरूची आधाराची काठी, अंध मनुष्याची पांढरी काठी, अशी तिची नाना रूपे आपण पाहत असतो. ह्यांपैकी प्रत्येक काठीस एकच प्रश्न विचारता येतो : जेवढी बळकट हवी तेवढी ठेवून ती किती हलकी करता येईल? ह्या प्रश्नाचा जेवढा कसून पाठपुरावा स्कीच्या शर्यतीसाठी झाला आहे, तेवढा अन्यत्र क्वचितच झाला असेल. तेथे निघालेली उत्तरे कोणती, ती कोणत्या हिशेबाने निघाली, आणि आपल्या रानातील वेळूला त्या हिशेबात कोणते स्थान आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ह्या शर्यतीचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. स्कीचे दोन मुख्य प्रकार आहेत. डोंगराच्या उतारावरून वेगाने खाली येणे हा एक, आणि सपाटी, चढ व उतार ह्यांवरून लांब पल्ला तोडणे हा दुसरा. ह्या दुसऱ्या प्रकारास क्रॉस-कंट्री म्हणतात. स्वीडनमध्ये १९२२ पासून भरणारी वासालोपेट ही ह्या प्रकारची प्रख्यात शर्यत ९० किलोमीटर अंतराची आहे. आपल्या देशातही हा खेळ अगदीच अपरिचित नाही. २०१८ च्या प्याँगचँग येथील ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटरच्या शर्यतीत जगदीश सिंग ह्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, आणि २०२० पासून गुलमर्ग येथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही भरू लागल्या.

ह्या शर्यतीत दोन्ही हातांत दोन काठ्या असतात. परंतु त्या आधारासाठी नसतात, ही गोष्ट वाचकाने आरंभीच लक्षात घ्यावी. नावाडी ज्याप्रमाणे उथळ पाण्यात बांबू तळाला टेकून नाव पुढे रेटतो, त्याप्रमाणे स्कीपटू काठी बर्फात रोवून स्वतःला पुढे रेटतो. रेटा संपला की ती काठी मागून पुढे झोकून पुन्हा रोवावयाची असते. दोन्ही काठ्या एकदम रोवून, कमरेपासून वाकून, सगळ्या अंगाचा भार त्यांवर टाकण्याची जी रीत आहे तिला आपण ‘जोडरेटा’ म्हणू. एका जोडरेट्यात सरासरी सहा मीटर अंतर तुटते असे धरले, तर ९० किलोमीटरच्या शर्यतीत प्रत्येक काठी पंधरा हजार वेळा रोवावी लागते आणि पंधरा हजार वेळा पुढे आणावी लागते. रोवताना ती ताठ असावी लागते आणि झोकताना ती नसल्यासारखी वाटावी लागते. काठीच्या रचनेतील सर्व नवीन कल्पना ह्या दोन परस्परविरोधी मागण्यांतून उद्भवलेल्या आहेत.

ताठपणाचा विचार करू. ज्वारीच्या ताटाचे एक टोक भुईवर टेकवून दुसऱ्या टोकावर तळहाताने दाब दिला, तर काही मर्यादेपर्यंत ते सरळ राहते आणि मग एकाएकी मध्यभागी बाक घेऊन निसटते. ते मोडत नाही, त्याचा पदार्थ चिरडत नाही. ते केवळ सरळ राहण्याचे सोडून देते. सडपातळ स्तंभाचे हे वर्तन ऑयलर ह्या गणितज्ञाने १७४४ मध्ये सूत्रबद्ध केले. ज्या भाराला स्तंभ असा लचकतो त्यास येथे ‘लचकभार’ म्हणू. हा भार तीन गोष्टींवर अवलंबून असतो. एक, पदार्थाची ताठरता, म्हणजे यंगचा गुणांक. दुसरी, छेदाचा आकार. पदार्थ मध्यरेषेपासून जितका दूर, तितका तो अधिक कामाचा. तिसरी, लांबी, आणि ती वर्गाच्या प्रमाणात घात करते. लांबी दुप्पट झाली की लचकभार चौथ्या हिश्श्यावर येतो. जोडरेट्याच्या ऐन क्षणी एका काठीवर सामान्यतः २० ते ३० किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. तेव्हा दीड मीटरच्या आसपास लांबी असलेल्या काठीचा लचकभार ह्याहून बराच वर असला पाहिजे. कारण काठी थोडी जरी लचकली तरी हाताने दिलेली शक्ती पुढे जाण्याऐवजी काठी वाकविण्यात खर्च होते.

आता थोडे अंकगणित करू, कारण ह्या विषयातील मौज आकड्यांतच आहे. काठीची लांबी १४५ सेंटिमीटर धरू. बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी १ मिलिमीटर अशी ॲल्युमिनियमची नळी घेतली, तर तिचा लचकभार सुमारे ४४ किलोग्रॅम येतो आणि वजन सुमारे १८४ ग्रॅम भरते. नेमक्या ह्याच मापाची नळी कार्बन-तंतूंची केली, तर लचकभार सुमारे ७६ किलोग्रॅमवर जातो आणि वजन ११० ग्रॅमच्या आत येते. आता ह्याच बाहेरच्या व्यासाचा, पण ३ मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा बांबू घेऊ. त्याचा लचकभार अवघा २२ किलोग्रॅम येतो. म्हणजे ऐन रेट्यात तो लचकणार हे उघड आहे.

एवढ्यावरून बांबू निकालात काढणे मात्र घाईचे होईल. ताठरतेस घनतेने भागले असता जी संख्या येते, ती पदार्थाची वजनाच्या मानाने असलेली ताठरता दर्शविते. गिगापास्कल आणि ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर ह्या मापांत ती संख्या पोलादासाठी सुमारे २५, ॲल्युमिनियमसाठी सुमारे २६, आणि चांगल्या वाळलेल्या बांबूसाठी सुमारे २४ येते. पोलादाची भट्टी, ॲल्युमिनियमचा कारखाना आणि ओढ्याकाठचे बेट ही तिन्ही अखेर एकाच जागी येऊन पोहोचतात, हे पाहून विस्मय वाटतो. पातळ भिंतीच्या दोन नळ्यांचा सरासरी व्यास सारखा आणि वजनही सारखे असेल, तर त्या पोलादाच्या आहेत, ॲल्युमिनियमच्या आहेत की बांबूच्या, ह्याने त्यांच्या लचकभारात फारसा फरक पडत नाही. वरच्या उदाहरणातील बांबू कमी पडला तो पदार्थ हीन म्हणून नव्हे, तर व्यास अपुरा म्हणून. तोच बांबू २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ मिलिमीटर भिंतीचा घेतला, तर लचकभार ४८ किलोग्रॅमच्या वर जातो आणि वजन सुमारे १६२ ग्रॅम राहते. १६ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या काठीपेक्षा ही काठी अधिक ताठ आणि अधिक हलकी झाली! कार्बन-तंतूंच्या नळीसाठी मात्र वरील संख्या ७५ च्या घरात जाते. म्हणून ह्या क्षेत्रात पदार्थाच्या बाजूने खरी क्रांती एकच झाली, ती कार्बनची. बाकी सर्व आकाराची कथा आहे.

इतिहासही ह्या हिशेबास धरूनच आहे. जुन्या काळी उत्तर युरोपात एकच लांब काठी वापरीत. दोन काठ्यांची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांबूच्या काठ्यांना मोठी मागणी होती, आणि त्यांतही ‘टोंकिन’ नावाने विकला जाणारा बांबू उत्तम समजला जाई. हा बांबू वस्तुतः टोंकिनचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामचा नसून दक्षिण चीनमधील आहे. व्यापाऱ्यांनी दिलेले चुकीचे नाव त्याला कायमचे चिकटले. सरळ वाढ, लांब कांडी, न फुगणाऱ्या गाठी, हे त्याचे गुण. मासे धरण्याच्या उंची गळकाठ्याही त्याच्याच करीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एड स्कॉट ह्यांनी उतारावरील स्कीसाठी ॲल्युमिनियमची निमुळती काठी बाजारात आणली आणि बांबू मागे पडू लागला. लांब पल्ल्याच्या शर्यतीत १९७० च्या दशकात फिनलंडमधील एक्सेल ह्या कंपनीने काच-तंतू व कार्बन-तंतू ह्यांच्या काठ्या पुढे आणल्या, आणि शर्यतीपुरता तरी बांबूचा प्रश्न संपला.

ॲल्युमिनियम आणि बांबू वजनाच्या मानाने सारखेच ताठ असतील, तर बांबू हरला का? ह्याचे उत्तर बळात नसून समानतेत आहे. एका बेटातील दोन वेळू सारखे नसतात. एकाच वेळूची दोन कांडीही सारखी नसतात. बुंध्याकडे भिंत जाड असते, शेंड्याकडे ती पातळ होत जाते. उजव्या हाताची काठी डाव्या हाताच्या काठीशी तंतोतंत जुळावी, पाच वर्षांनी घेतलेली तिसरी काठी त्या दोघींशी जुळावी, ही कारखान्याच्या मालापासूनची अपेक्षा बांबूने पुरी करणे कठीण. शिवाय बांबूचे तंतू सगळे उभे असतात. आडवे बांधणारे तंतू त्यात नाहीत. म्हणून तो मोडण्यापूर्वी उभा चिरतो. निसर्गाने त्यावर गाठींचा उपाय योजला आहे. गाठीतील पडदा नळीला चपटी होऊ देत नाही आणि चीर पुढे सरकू देत नाही. आपल्याकडे काठीच्या टोकाला शेंबी बसवितात आणि लाठीला पितळेची कडी घालतात, त्यांतील हेतूही हाच. कार्बनची नळी करणारा कारागीर बहुतेक तंतू उभे घालतो आणि थोडे आडवे गुंडाळतो. त्या आडव्या तंतूंचे काम म्हणजे गाठीचे काम होय. फक्त ते सबंध लांबीभर पसरलेले असते.

नळीची भिंत कितपत पातळ करावी, ह्यालाही मर्यादा आहे. हिशेब पाहता व्यास वाढवीत आणि भिंत पातळ करीत गेले, तर काठी हलकी व ताठ होतच जावी. परंतु एका टप्प्यानंतर नळी सबंध लचकण्याऐवजी एखाद्या ठिकाणी चपटी होऊन मुडपते. पपईच्या पानाचा पोकळ देठ वाकविताना हा प्रकार प्रत्येकाने पाहिला असेल. ज्वारीच्या ताटाने ह्यावर निराळी तोड काढली आहे. बाहेर कठीण साल आणि आत अत्यंत हलके भेंड. भेंडाचे स्वतःचे बळ नगण्य असते, परंतु ते सालीला आत दबू देत नाही. वाऱ्यात उभ्या असलेल्या ज्वारीच्या शेताकडे ह्या दृष्टीने पाहिले, तर हा केवळ कडब्याचा विषय राहत नाही.

आता दुसऱ्या मागणीकडे, म्हणजे झोकाकडे वळू. काठी झोकताना ती हाताभोवती फिरते. फिरणाऱ्या वस्तूत प्रत्येक कणाचे ओझे त्याच्या अंतराच्या वर्गाने वाढते. मुठीपाशी असलेला ग्रॅम जवळजवळ फुकटचा असतो, तर टोकाशी असलेला ग्रॅम फार महाग पडतो. गणिताने असे दिसते की, टोकाशी असलेला एक ग्रॅम हा दांड्यावर सर्वत्र सारख्या पसरलेल्या तीन ग्रॅमांइतका जड लागतो. काठी बर्फात खोल रुतू नये म्हणून टोकाच्या थोडे वर एक चकती असते. ही चकती २० ग्रॅमची असेल, तर झोकाच्या हिशेबाने ती ६० ग्रॅमची होते. म्हणजे ११० ग्रॅमच्या कार्बनच्या दांड्याच्या निम्म्याहून अधिक! दांड्यातून पाच ग्रॅम काढण्यासाठी जो खर्च होतो तो वाचवून चकतीतून दोन ग्रॅम काढणे अधिक शहाणपणाचे, हे रचनाकारांच्या ध्यानी येण्यास मात्र पुष्कळ वर्षे लागली. जुन्या काळच्या चकत्या वेताच्या कड्यावर चामड्याच्या वाद्या ताणून केलेल्या आणि चांगल्या थोरल्या असत. यंत्राने दाबून टणक केलेल्या आजच्या मार्गांवर तेवढ्या मोठ्या चकतीची गरज उरलेली नाही. ती आता अर्धवर्तुळाकार व लहान झाली असून दांड्याच्या मागल्या बाजूसच असते, कारण रेट्याच्या वेळी काठी पुढे कललेली असते आणि पुढच्या अर्ध्या चकतीला काही कामच नसते. बर्फ भुसभुशीत असेल त्या दिवशी मोठी आणि कठीण असेल त्या दिवशी लहान, अशी चकती बदलण्याची सोयही आता काठ्यांत असते.

निमुळतेपणाची कल्पना ह्याच हिशेबातून आली. लचकणाऱ्या काठीचा बाक मध्यभागी सर्वांत अधिक असतो, टोकांशी तो जवळजवळ नसतो. तेव्हा टोकाकडचा दांडा बारीक करण्यास हरकत नाही. ताठपणा थोडा जातो, झोक पुष्कळ हलका होतो. वरच्या टोकाकडे बारीक करून झोकात काही मिळत नाही, म्हणून तेथे कोणी फारसे बारीक करीत नाही. वेळूला हा निमुळतेपणा जन्मतःच असतो, फक्त तो कोणत्या बाजूने धरावा हा प्रश्न आहे. लाठी फिरविणारा बुंध्याकडचा जड भाग तडाख्यासाठी राखतो. रेटण्याच्या काठीचा बुंधा मात्र हातात हवा आणि शेंडा जमिनीकडे हवा. एकच वेळू, पण उलटा धरला की त्याची जात बदलते.

मुठीच्या आणि पट्ट्याच्या रचनेकडे सामान्य प्रेक्षकाचे लक्ष जात नाही. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते अलीकडील सुधारणांपैकी सर्वांत विचारपूर्वक झालेली सुधारणा येथे आहे. रेटा मुठीतून जातो असा आपला समज असतो. वस्तुतः तो मनगटाभोवतीच्या पट्ट्यातून जातो. रेट्याच्या अखेरीस हात मागे गेला की बोटे उघडतात आणि काठी केवळ पट्ट्याच्या आधाराने लोंबते. जुना पट्टा म्हणजे चामड्याची साधी फाशी होती. आजचा पट्टा हातमोज्यासारखा तळहाताला घट्ट बसतो, अंगठ्यासाठी त्यात वेगळे भोक असते आणि एका खटक्याने तो मुठीपासून सुटा होतो. ह्यात सोयीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पट्टा मुठीतून कोठून बाहेर येतो ही. भार दांड्याच्या मध्यरेषेवर न पडता तिच्यापासून थोडा बाजूला पडला, तर काठी लचकभार येण्याची वाट न पाहता पहिल्यापासूनच वाकू लागते. म्हणून पट्ट्याचा ओढा मध्यरेषेच्या जितका जवळ आणता येईल तितका आणण्याचा प्रयत्न असतो. खांद्यावर कावड घेणारा मनुष्य ती खांद्यावर थोडी पुढेमागे सरकवून जागेवर बसवितो, तोच हा विचार. केवळ माप मिलिमीटरांत आले.

सगळ्याच नव्या कल्पना सारख्या मोलाच्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. नॉर्वेच्या स्विक्स ह्या कंपनीने गोल छेदाऐवजी कोपरे गोलसर केलेल्या त्रिकोणी छेदाचा दांडा काढला आणि तो पुष्कळ गाजला. त्रिकोणी नळी सर्व दिशांना सारखीच ताठ असते, हे खरे. समभुज आकृतीचा तो गुणच आहे. परंतु परिघ आणि भिंत सारखी ठेवून, म्हणजे वजन सारखे ठेवून, गोल नळी आणि तीक्ष्ण कोपऱ्यांची त्रिकोणी नळी ह्यांची तुलना केली, तर गोल नळी सुमारे ३७ टक्के अधिक ताठ निघते. कोपरे गोलसर केले की हा तोटा कमी होतो, नाहीसा होत नाही. ह्याचा अर्थ त्रिकोणी काठी वाईट असा नव्हे. तंतूंची मांडणी, आघात सोसण्याची शक्ती, वाऱ्याचा अडथळा अशी इतर कारणे असू शकतात. मात्र केवळ आकारामुळे ताठपणा वाढला असे कोणी म्हणेल, तर ते भूमितीस मान्य नाही.

काठीच्या लांबीचा प्रश्न तर शास्त्राच्या कक्षेतून निघून नियमांच्या कक्षेत गेला. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या बिल कॉख ह्यांच्यामुळे स्केटिंगसारखी पावले टाकण्याची नवी रीत शर्यतीत पसरली आणि काठ्या लांब झाल्या. पुढे जुन्या व नव्या रीतींच्या शर्यती वेगळ्या करण्यात आल्या. जुन्या रीतीत स्की पाठोपाठ टाकून पायाने ढकलावयाचे असते. परंतु २०१० नंतरच्या दशकात बळकट बाहूंचे स्पर्धक लांब काठ्या घेऊन सगळी शर्यत केवळ जोडरेट्यानेच पुरी करू लागले. पायांचे काम हातांनी बळकावले असे म्हणता येईल. अखेर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१६-१७ च्या हंगामापासून जुन्या रीतीच्या शर्यतीत काठीची लांबी स्पर्धकाच्या बुटांसह उंचीच्या ८३ टक्क्यांहून अधिक नसावी असा नियम केला. १७५ सेंटिमीटर उंचीच्या स्पर्धकास ह्या नियमाने १४५ सेंटिमीटरची काठी मिळते. आपण वर हिशेबासाठी घेतलेली लांबी हीच. दांड्याचा छेद, पदार्थ आणि वजनाची वाटणी ह्यांविषयी मात्र नियमांनी रचनाकारास मोकळीक दिली आहे. बंदी आहे ती दांड्यात कमान किंवा तत्सम शक्ती साठविणारी युक्ती घालण्यास.

कार्बनची काठी जिंकली, पण तिने एक दोष आणला. बांबू मोडण्यापूर्वी करकरतो, चिरतो, इशारा देतो. कार्बनची पातळ नळी दुसऱ्याच्या स्कीची कड लागली, कोणाचा पाय पडला, की एकदम तुटते. २००६ च्या ट्यूरिन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या सांघिक शर्यतीत कॅनडाच्या सारा रेनर ह्यांची काठी अशीच ऐन शर्यतीत तुटली. एका काठीने त्या मागे पडू लागल्या असता नॉर्वेच्या संघाचे प्रशिक्षक ब्योर्नार हाकेन्समोएन ह्यांनी कडेला उभे राहून आपल्याजवळची काठी त्यांना दिली. ती त्यांच्या मापापेक्षा लांब होती, तरीही तिने त्यांना शर्यतीत राखले. त्या दिवशी कॅनडास रौप्यपदक मिळाले आणि नॉर्वे चौथ्या क्रमांकावर राहिला. खिलाडूपणाचे उदाहरण म्हणून ही घटना सर्वत्र सांगितली जाते, ते योग्यच आहे. रचनाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिच्यातून आणखी एक गोष्ट टिपावी : चुकीच्या लांबीची काठी ही नसलेल्या काठीपेक्षा कितीतरी बरी, आणि भिंत पातळ करताना वाचविलेल्या ग्रॅमांची किंमत कोणत्या क्षणी द्यावी लागेल, हे कोष्टकात लिहिलेले नसते.

आता आपल्या वेळूकडे येऊ. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूस सागाच्या रानात जो वेळू आढळतो तो मुख्यतः मानवेल. हा भरीव किंवा जवळजवळ भरीव असतो. कोरड्या जागी तो अधिकच भरीव होतो. म्हणूनच लाठीसाठी, कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी आणि तंबूच्या खांबांसाठी तो नावाजलेला आहे. पूर्वीप्रमाणेच आपल्या हिशेबात तो घालून पाहू. १६ मिलिमीटर व्यासाचा भरीव वेळू घेतला, तर त्याचा लचकभार सुमारे २६ किलोग्रॅम येतो आणि वजन २०० ग्रॅमच्या वर जाते. त्याच व्यासाच्या पोकळ बांबूचा लचकभार २२ होता आणि वजन सुमारे १२४ ग्रॅम. म्हणजे आतला गाभा भरून काढल्याने ताठपणा केवळ १८ टक्के वाढला, पण वजन ६४ टक्के वाढले. तडाखा देणाऱ्या लाठीस हे वजन हवेच असते, कारण तडाखा वजनाचाच असतो. रेटण्याच्या किंवा चालण्याच्या काठीत तो गाभा म्हणजे निव्वळ ओझे. शिवाय बांबूत बळकट तंतूंची दाटी बाहेरच्या सालीकडे अधिक असते आणि आत ती विरळ होत जाते. म्हणून गुळगुळीत दिसावी ह्या हौसेने जो मनुष्य काठीची साल तासतो, तो तिचे सर्वोत्तम अंग काढून टाकतो आणि गाभा तेवढा ठेवतो. तेल पाजावे, साल तासू नये.

ह्या गोष्टीस आज काही महत्त्व आले आहे. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरील जमिनीवर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ ह्या व्याख्येतून वगळण्यात आला. तेव्हापासून त्याच्या लागवडीस उत्तेजन मिळत आहे. लातूर जिल्ह्यात पाशा पटेल ह्यांनी बांबूचा प्रचार नेटाने चालविला असून, औसा तालुक्यातील लोदगा हे गाव त्या निमित्ताने सर्वांना माहीत झाले आहे. उसाला पाणी पुरत नसलेल्या मुलखात हा विचार स्वागतार्ह आहे. मात्र शेतकऱ्यापुढे ‘बांबू’ हा एकच शब्द ठेवला जातो, ही उणीव आहे. लागवडीत लोकप्रिय झालेला बालकोआ हा जाड भिंतीचा आणि मोठ्या घेराचा बांबू. बांधकामास आणि जळणास तो चांगला. मानवेल दांड्यास चांगला. कटांग थोराड व काटेरी. हलक्या, सरळ, पातळ भिंतीच्या काठ्या ह्यांपैकी कोणत्याही बेटातून सहजी मिळणार नाहीत, आणि दक्षिण चीनच्या दमट हवेत वाढणारा टोंकिन आपल्या कोरड्या माळावर रुजेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. एकदा लावलेले बेट कित्येक वर्षे शेतात राहते. तेव्हा कोणती जात लावावी हा प्रश्न विचारण्यापूर्वी तिच्या भिंतीची जाडी व्यासाच्या मानाने किती, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

शर्यतीच्या काठ्या मराठवाड्यात होतील, असे सुचविण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. पण झोकाचा हिशेब हा केवळ शर्यतीचा नाही. अंध मनुष्य आपली पांढरी काठी दिवसभर डावीकडून उजवीकडे फिरवीत असतो. त्याच्या मनगटावर पडणारा भार टोकाच्या वजनाने ठरतो, एकंदर वजनाने नव्हे. आणि तरीही काठी विकताना तिचे एकंदर वजन तेवढे सांगितले जाते. कुबडीच्या टोकाला बसविलेला रबराचा जाड बूच प्रत्येक पावलागणिक तिप्पट मोजावा लागतो. तो झिजून गुळगुळीत झाला की घसरण्याची भीती, जाड केला की मनगट दुखण्याची. ह्या दोहोंच्या मधली जागा शोधण्याचे काम स्कीच्या चकतीवर जेवढ्या निगुतीने झाले तेवढे कुबडीच्या बुचावर झालेले दिसत नाही.

ज्या वाचकांस हे सर्व स्वतः पडताळून पाहावयाचे असेल, त्यांस फारशा उपकरणांची गरज नाही. बुरुडाकडून सारख्या जाडीचे दोन वेळू आणावेत, एक भरीव व एक पोकळ, आणि दोन्ही एकाच लांबीचे कापावेत. माणसांचे वजन करण्याच्या काट्यावर वेळूचे एक टोक टेकवून दुसऱ्या टोकावर तळहाताने सरळ खाली दाबावे, आणि वेळू बाक घेऊ लागताच काट्यावरील आकडा टिपावा. दाबताना हाताला फडके गुंडाळावे आणि चेहरा बाजूला ठेवावा. त्यानंतर दोन्ही वेळू मधोमध कापून तोच प्रयोग पुन्हा करावा. अर्ध्या लांबीच्या वेळूला बाक आणण्यास चौपट दाब लागतो, असे सूत्र सांगते. बहुधा तळहात आधी हार खाईल, तेव्हा ह्या दुसऱ्या भागासाठी बारीक वेळू निवडणे इष्ट.